टॉलेमीचे रकाने आणि पैठणचा ठिपका

ग्रंथात आलेल्या स्थळांची सूची करणे हे मराठीच्या अभ्यासकाला नवे नाही. 'लीळाचरित्रा'तील गावे, बखरींतील मुक्काम, संतचरित्रांतील क्षेत्रे यांच्या याद्या प्रबंधांच्या परिशिष्टांत वर्षानुवर्षे छापल्या जात आहेत. आता या याद्या वहीऐवजी स्प्रेडशीटमध्ये तयार होतात. एकदा त्या तशा तयार झाल्या की पुढची पायरी आपोआपच सुचते: ही गावे नकाशावर का दाखवू नयेत? त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. यादीची फाइल निवडायची, अक्षांशाचा रकाना कोणता आणि रेखांशाचा कोणता हे सांगायचे, एक कळ दाबायची. पडद्यावर ठिपके उमटतात. नकाशा सरकवता येतो, लहानमोठा करता येतो, ठिपक्यावर बोट ठेवले की गावाचे नाव उघडते.

हे काम कारकुनी समजले जाते. मार्गदर्शक ते विद्यार्थ्यावर सोपवतात, विद्यार्थी ते संगणक जाणणाऱ्या मित्रावर. प्रस्तुत लेखाचे म्हणणे वेगळे आहे. कोष्टकातील आकडे एकेक करून नकाशावर नेणे हे वाचनाचे काम आहे, आणि पोथीच्या पाठनिश्चितीइतकीच सावधगिरी त्याला लागते. या कामाला अठराशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या आरंभीच्या ग्रंथात आपली उज्जयिनी, पैठण, तेर आणि चौल ही गावे आहेत, म्हणून तो इतिहास आपल्यालाही परका नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्याला अलेक्झांड्रियात क्लॉडियस टॉलेमीने भूगोलावर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातील पहिला भाग नकाशा कसा काढावा याच्या मीमांसेचा. दुसऱ्यापासून सातव्या भागापर्यंत मात्र जवळजवळ निव्वळ यादी आहे: सुमारे आठ हजार नावे, आणि त्यांपैकी सहा हजारांहून अधिक स्थळांपुढे रेखांश व अक्षांश. साहित्याच्या वाचकाला हा भाग रुक्ष वाटेल. परंतु ही यादी का केली याचे टॉलेमीने दिलेले कारण कोणत्याही पाठचिकित्सकाला पटावे असे आहे. तो म्हणतो की नकाशावरून नकाशा उतरवत गेले की प्रत्येक प्रतीत थोडा थोडा फरक पडतो आणि अखेरीस मूळ आकार ओळखू येईनासा होतो. म्हणून नकाशा जपण्यापेक्षा नकाशा पुन्हा काढता येईल असे आकडे जपावेत. चित्र हरवले तरी चालेल, कोष्टक टिकले पाहिजे.

या यादीची मांडणी करताना त्याच्या डोळ्यांसमोर नकाशा काढणारा माणूस होता. दुसऱ्या भागाच्या आरंभी तो आपला क्रम स्पष्ट करतो. हा क्रम उजवीकडे सरकत जातो, म्हणजे काढणाऱ्याचा हात आधी नोंदवलेल्या स्थळांकडून अजून न नोंदवलेल्या स्थळांकडे जाईल. त्याने रेखांश आधी दिले, अक्षांश नंतर. आणि रकान्यांच्या मध्ये जागा मोकळी ठेवली. पुढे कोणाला अधिक चौकशीतून दुरुस्ती सापडली तर ती तेथे शेजारी लिहिता यावी, हा हेतू. दुरुस्तीसाठी कोरा रकाना राखून ठेवणारा ग्रंथकार विरळाच म्हणावा लागेल. आपल्याकडच्या परिशिष्टांत तसा रकाना मला क्वचितच दिसला आहे.

त्याच ठिकाणी टॉलेमी आणखी एक गोष्ट कबूल करतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिच्यात आहे. ज्या प्रदेशांत वर्दळ आहे तेथील आकडे बरेचसे खरे मानावेत, कारण अनेकांचे सांगणे जुळते. जेथे फारसे कोणी गेलेले नाही तेथील आकडे मात्र जवळच्या भरवशाच्या स्थळांवरून अंदाजाने ठरवले आहेत. का, तर जगाच्या नकाशात समाविष्ट केलेले एकही स्थळ ठरावीक जागेवाचून राहू नये. प्रत्यक्ष आकाशाचे वेध घेऊन अक्षांश ठरवलेली स्थळे त्या काळी मोजकीच होती, हेही तो पहिल्या भागात सांगतो. बाकी सारे व्यापाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या सांगण्यावर. परंतु कोष्टकात उतरल्यावर वेध घेतलेले आणि ऐकलेले यांत काही फरक उरत नाही. दोघांपुढे सारखेच दोन आकडे, सारख्याच अपूर्णांकांसह. प्रस्तावनेत नोंदवलेली शंका रकान्यात शिरत नाही.

आता भारताकडे वळू. सातव्या भागाच्या पहिल्या प्रकरणात गंगेच्या अलीकडील भारताची स्थळे आहेत. तेथे 'ओझेने' हे तिआस्तानेसचे राजनगर म्हणून येते. हा तिआस्तानेस म्हणजे क्षत्रप चष्टन आणि ओझेने म्हणजे उज्जयिनी, हे सर्वमान्य आहे. 'बैथाना' हे सिरीपोलेमाइओसचे राजनगर. म्हणजे आपले पैठण आणि सातवाहन राजा श्रीपुळुमावी. 'नासिक', 'सौपारा', 'तगर' अशी ओळखीची नावे पुढे भेटत राहतात. नाणी आणि शिलालेख यांतून जुळवलेल्या सातवाहन-क्षत्रपांच्या कालक्रमाला या दोन राजनामांचा मोठाच आधार मिळतो, म्हणून इतिहासकारांनी हे प्रकरण बारकाईने वाचले आहे. मात्र त्यांनी वाचली ती नावे. शेजारचे आकडे बहुतेकांनी ओलांडले. त्याचे कारण आकडे नकाशावर उतरवले की कळते.

टॉलेमीच्या यादीत उज्जयिनीचे रेखांश ११७ आणि अक्षांश २० आहेत. हे आकडे जसेच्या तसे स्प्रेडशीटमध्ये लिहून आजच्या एखाद्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवले, तर उज्जयिनी दक्षिण चिनी समुद्रात, प्रातास बेटांच्या जवळपास उमटते. यात टॉलेमीचा दोष नाही. आजचे सॉफ्टवेअर रेखांश ग्रीनिचपासून मोजते. टॉलेमी ते तेव्हाच्या ज्ञात जगाच्या पश्चिम टोकाशी असलेल्या सुखद्वीपांपासून, म्हणजे आजच्या कॅनरी बेटांपासून मोजत होता. तेव्हा सुमारे १८ अंश वजा करावेत. तसे केले की उज्जयिनी समुद्रातून बाहेर येते आणि म्यानमार-थायलंडच्या सरहद्दीवरील डोंगरांत जाऊन बसते. आता दुसरी दुरुस्ती. टॉलेमीने पृथ्वीचा परीघ १,८०,००० स्टेडिया धरला; त्याच्या साडेतीनशे वर्षे आधीच्या एराटोस्थेनीसने तो २,५२,००० मानला होता. पृथ्वी लहान धरल्यामुळे प्रवाशांनी सांगितलेली तीच अंतरे अंशांत मांडताना फुगली. भूमध्य समुद्राची लांबी त्याच्या हिशेबात ६२ अंश होते, प्रत्यक्षात ती सुमारे ४२ आहे. मग सगळे रेखांश सात-दशांशाने कमी करून पाहावेत. ११७ चे सुमारे ८२ झाले, त्यातून १८ गेले, उरले ६४. आणि उज्जयिनी अरबी समुद्राच्या मध्यावर.

एकाच नगरीचे हे तीन मुक्काम मुद्दाम सविस्तर सांगितले. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरने निमूटपणे ठिपका दिला आणि प्रत्येक वेळी तो ठिपका तितकाच ठसठशीत होता. भूमध्य समुद्राला लागू पडणारे प्रमाण माळव्याला लागू पडत नाही. माळव्यासाठी ते आठ-दशांशाच्या आसपास धरावे लागते. म्हणजे चूक सगळीकडे सारखी नाही. ती वाटावाटांनी, सांगणाऱ्यासांगणाऱ्यांनी बदलते. एकच सूत्र लावून साऱ्या रकान्याची दुरुस्ती करणे स्प्रेडशीटमध्ये क्षणाचे काम आहे, आणि नेमके तेच येथे चालत नाही. (उज्जयिनीची एक गंमत जाता जाता. भारतीय ज्योतिषात रेखांश मोजायची मध्यरेषा उज्जयिनीवरूनच जाते. आपल्या सिद्धांतग्रंथांच्या आकड्यांत ती केव्हाही समुद्रात पडली नसती, कारण तेथे तीच शून्यावर आहे.)

तगरचे उदाहरण याहून बोलके आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हे एका अनामिक ग्रीक भाषिक व्यापाऱ्याचे सागरी मार्गदर्शक. त्यात अंश नाहीत, दिवस आहेत. बारिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेकडे दहाएक दिवसांवर तगर हे मोठे नगर. तेथून खडबडीत वाटांनी गाड्यांतून माल बंदराकडे येतो, असेही तो व्यापारी नोंदवतो. टॉलेमीच्या कोष्टकात मात्र तगर पैठणच्या ईशान्येला पडते. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले, आणि पुढे तेथील उत्खननांतून सातवाहनकालीन वसाहतीचा भरपूर पुरावा मिळाला. हे तेर पैठणच्या आग्नेयेला, किंबहुना दक्षिणेकडे अधिक झुकून, दीडशे किलोमीटरांवर आहे. व्यापाऱ्याने दिशा ढोबळपणे सांगितली. तिच्यावरून शोध घेणारा माणूस निदान योग्य प्रदेशात हिंडला असता. ज्याच्याजवळ अंश आणि अंशाचे भाग होते तो उलट्या बाजूला गेला असता.

फ्लीट यांच्या आधी तगरसाठी देवगिरी, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी ठिकाणे सुचवली गेली होती. १८९० मध्ये कोणी तगरचा ठिपका काढला असता तर तो त्याच्या गुरूच्या मताप्रमाणे यांपैकी एका गावावर पडला असता. नकाशा पाहणाऱ्याला हा एका विद्वानाचा तर्क आहे असे कळायला मार्ग नव्हता. गोरोबाकाकांच्या तेरला आपल्या गावाचे हे जुने नाव परत मिळाले ते एका निबंधातून, एका विशिष्ट वर्षी. स्थळनिश्चितीला कर्ता असतो आणि तारीख असते. अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांत यांपैकी काहीच मावत नाही.

चौलची गोष्ट मात्र टॉलेमीच्या बाजूची आहे. त्याच्या आधीच्या मारिनोसने 'सिमुल्ला' हे बंदर सिंधू नदीच्याही पश्चिमेला टाकले होते. टॉलेमी ते खोडून काढतो. तेथे दीर्घकाळ ये-जा करणारे आणि तेथून आपल्याकडे आलेले लोक सांगतात की सिमुल्ला सिंधूच्या मुखांच्या केवळ दक्षिणेला आहे. आणि तिथले लोक त्याला 'तिमुला' म्हणतात, असेही तो जोडतो. हे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल. कान्हेरीच्या लेखांत ते 'चेमुल' म्हणून येते. अलेक्झांड्रियात बसून हा माणूस कोकणच्या किनाऱ्यावरील एका बंदराचे स्थानिक नाव विचारून घेतो आणि त्या आधारावर पूर्वसूरींचा आकडा बदलतो. हाताने केलेल्या नोंदीचे मोल येथे दिसते. त्याने सहा हजार ओळींना एक सूत्र लावले नाही. एका ओळीवर थांबून साक्षीदारांना विचारले. तरीही त्याच्या नकाशात भारताचा पश्चिम किनारा दक्षिणेकडे उतरण्याऐवजी जवळजवळ आडवा पूर्वेकडे धावतो, द्वीपकल्प नाहीसे होते आणि सिंहलद्वीप खऱ्या आकाराच्या कितीतरी पट मोठे होऊन खाली पसरते. एक ओळ सुधारल्याने शेजारच्या ओळी सुधारत नाहीत.

टॉलेमीच्या मूळ ग्रंथाबरोबर त्याने स्वतः काढलेले नकाशे होते की नव्हते, यावर विद्वानांत एकमत नाही. असतील तर ते नष्ट झाले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने त्याच्या आधारे, पण बऱ्याच दुरुस्त्या करून, स्थळांचे नवे कोष्टक सिद्ध केले. भूमध्य समुद्राची फुगलेली लांबी त्याने कमी केली. ग्रीक परंपरेत मात्र हा ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १२९५ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमधील माक्सिमोस प्लानूदेस या संन्यासी पंडिताने त्याची हस्तलिखिते शोधून काढली. साहित्याच्या इतिहासात हा प्लानूदेस ग्रीक मुक्तकांच्या एका मोठ्या संकलनाचा कर्ता म्हणून ओळखला जातो. त्याला मिळालेल्या प्रतीत नकाशे नव्हते, फक्त कोष्टके होती. टॉलेमीच्या सूचनेबरहुकूम त्याने ती नकाशावर उतरवली, आणि आपल्या या यशावर आनंदाने पद्येही रचली. हजार-अकराशे वर्षांनंतर एका भाषापंडिताने निव्वळ आकड्यांवरून जगाचे चित्र उभे करावे, याहून त्या कोष्टकाच्या हेतूची सफलता ती कोणती? पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकात याकोपो आंजेलीने ग्रंथ लॅटिनमध्ये आणला, १४७७ मध्ये बोलोन्यात तो नकाशांसह छापला गेला, आणि युरोपभर पसरला.

पण कोष्टक टिकते म्हणजे काय टिकते? टॉलेमीला नकाशाच्या प्रतींचे भय होते. आकड्यांच्या प्रतींचे भय त्याने पुरते ओळखले नसावे. ग्रीक आकडे अक्षरांनी लिहिले जात. अल्फा म्हणजे एक, डेल्टा म्हणजे चार, लॅम्डा म्हणजे तीस. आणि मोठ्या लिपीत ही तिन्ही अक्षरे एकमेकांसारखी त्रिकोणी. वाक्यात एक अक्षर चुकले तर पुढचा लेखक अर्थावरून ते सुधारतो. आकड्यात चुकले तर सुधारायला आधार नाही, कारण प्रत्येक आकडा तितकाच शक्य वाटतो. परिणामी टॉलेमीच्या हस्तलिखितांच्या दोन शाखा झाल्या आणि शेकडो स्थळांपुढे दोन दोन पाठ आले. २००६ मध्ये श्टुकेलबर्गर आणि ग्रासहॉफ यांनी प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत दोन्ही शाखांचे आकडे नोंदवले आहेत, आणि त्यासोबत संगणकावर वापरता येईल असा विदासंचही दिला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, पैठणला 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे जे काम होते तेच हे काम, फक्त ओव्यांच्या जागी अंश. पैठणच्याच अंशांना पाठभेदाची चिकित्सा लागावी हा योगायोग मला फार आवडतो.

आता आजच्या पडद्याकडे येऊ. स्प्रेडशीट आणि नकाशाचे सॉफ्टवेअर ही एका घराण्यातली नव्हेत. हार्वर्ड विद्यापीठात १९६५ मध्ये हॉवर्ड फिशर यांच्या प्रयोगशाळेत 'सायमॅप' ही नकाशे काढणारी आज्ञावली विकसित होत होती. कागदी नकाशावरून मापे घ्यायची, ती छिद्रपत्रांवर उतरवायची, आणि छापयंत्र अक्षरांवर अक्षरे ठोकून गडद-फिकट नकाशा उमटवणार, असा तो खटाटोप होता. त्याच विद्यापीठाच्या व्यवसाय-शाळेत शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला १९७८ च्या सुमारास हिशेबाच्या तक्त्यांची कल्पना सुचली आणि १९७९ मध्ये बॉब फ्रँकस्टनच्या साथीने 'व्हिजिकॅल्क' बाजारात आले. स्प्रेडशीट ही अशी खतावणीची लेक आहे. तिच्या चौकटीतला आकडा रुपये आहे की अंश आहे हे तिला ठाऊक नसते. नकाशाची सॉफ्टवेअरे मोजणीदारांच्या परंपरेतली. २००२ मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस, २००५ मध्ये आलेले गूगल अर्थ यांनी नकाशा सर्वांच्या हाती दिला, परंतु खतावणीतून नकाशात जाताना उंबऱ्यावर अजूनही तोच प्रश्न विचारला जातो: आडव्या अंतराचा रकाना कोणता, उभ्या अंतराचा कोणता?

टॉलेमीने उत्तर देऊन ठेवले होते: आधी रेखांश. आपण बोलतो मात्र 'अक्षांश-रेखांश' असे, आणि याद्याही त्याच क्रमाने करतो. कित्येक सॉफ्टवेअरे व फाइलींचे प्रकार टॉलेमीच्या क्रमाने चालतात, काही आपल्या. रकाने अदलाबदल झाले की पैठण, जे १९.४८ उत्तर आणि ७५.३८ पूर्व येथे आहे, ते नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर बेटापासून शंभरेक किलोमीटरवर बर्फाळ समुद्रात जाते. ही चूक निरुपद्रवी, कारण ती ओरडून सांगते. मुकाट चुका अधिक वाईट. टॉलेमीचा अपूर्णांक १/६ असा चौकटीत लिहावा तर स्प्रेडशीट त्याला तारीख समजते आणि एक जून करून टाकते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या प्रबंधांतली गावे नकाशावर गेल्यावर अगम्य चिन्हांच्या रांगा होतात. आणि अपूर्णांकाचे दशांश केले की अचूकपणाचा भास निर्माण होतो. टॉलेमीचा सर्वांत लहान भाग अंशाचा बारावा, म्हणजे जमिनीवर नऊ किलोमीटरांच्या आसपास. त्याचे सहा दशांश स्थळांपर्यंत रूपांतर केले की सॉफ्टवेअर ते अर्ध्या वितीइतके नेमके मानते. दुसऱ्या शतकातल्या ऐकीव माहितीवर तयार झालेला ठिपका पाहणारा मोठा मोठा करत जातो, आणि शेवटी तो कोणाच्या तरी उसाच्या फडात उभा राहतो.

या सगळ्यावर एक सोपा उपाय सुचवला जातो. अंश टाकूच नका, नुसती नावे द्या, यंत्र जागा शोधून काढेल. मराठी ग्रंथांसाठी हा उपाय घातक आहे. 'लीळाचरित्रा'तील बेलापूर हे अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठचे. यंत्राला 'बेलापूर' विचारले तर ते बहुधा नवी मुंबईत नेऊन सोडेल. पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत याची तर गणतीच नको. यंत्र प्रसिद्ध गावाला पसंती देते. आपले ग्रंथ बहुधा अप्रसिद्ध गावांचे असतात.

म्हणून हाताने. परंतु हाताने करतानाही आपल्या सामग्रीचा स्वभाव आड येतो. चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी' घ्या. मुनी व्यास कोठी यांच्या नावे असलेला, डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला हा ग्रंथ म्हणजे चक्रधरस्वामींच्या संचाराच्या जागांची गावोगावची नोंद. जगातल्या स्थळसूचींत तो मानाने बसावा. गावाच्या कोणत्या बाजूला कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, त्याच्या अमुक अंगाला स्वामींची बसण्याची जागा कोणती, अशी ती नोंद चालते. ॲन फेल्डहाउस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कनेक्टेड प्लेसेस' या ग्रंथात महानुभावांच्या या भूगोलाचा, चरित्र आणि स्थळ यांच्या एकजीवतेचा, उत्तम परामर्श घेतला आहे. या सूचीत प्रत्येक जागा दुसऱ्या जागेच्या संदर्भाने सांगितलेली असते. एकटी जागा तेथे नाहीच. स्प्रेडशीटला मात्र प्रत्येक ओळ एकटी हवी. पूर्वेचे देऊळ पडले, गावच सरकले, नदीने पात्र बदलले, तरी पोथीतले नाते वाचता येते. रकान्यात ते नाते 'शेरा' या सदरात जाऊन पडते आणि नकाशावर येतच नाही. शिवाय एका गावातली वीस स्थाने गावाच्या एकाच अंशावर टाकली की वीस ठिपके एकावर एक बसून एकच दिसतो. पोथीच्या कर्त्याने ज्यासाठी एवढा आटापिटा केला तेच नेमके नाहीसे होते.

वादाच्या ठिकाणी तर ठिपका न्यायाधीशच होऊन बसतो. मुकुंदराजांचे स्थान अंबेजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरा, यावर आपल्या वाङ्मयेतिहासात पिढ्यान्‌पिढ्या युक्तिवाद झाले. नामदेवांचे जन्मस्थान नरसी-बामणी की पंढरपूर, हाही वाद जुना. लेखात आपण 'एका मताप्रमाणे' असे लिहू शकतो. नकाशात मताला चिन्ह नाही. विद्यार्थ्याने एक गाव निवडून त्याचे अंश भरले की वाद मिटला. आणि तो नकाशा पुढच्याने उतरवून घेतला की वाद होता हेही कोणाला कळणार नाही. दोन्ही गावांना ठिपके द्यावेत तर मुकुंदराज एकाच वेळी दोन ठिकाणी.

प्राचीन ग्रीक-रोमन जगाच्या 'बॅरिंग्टन ॲटलास'ने, म्हणजे २००० मध्ये रिचर्ड टॅलबर्ट यांच्या संपादनाखाली निघालेल्या नकाशासंग्रहाने, यावर एक तोडगा काढला. शंकास्पद स्थळापुढे प्रश्नचिन्ह छापले, आणि जागाच न सापडलेल्या नावांच्या याद्या सोबतच्या निर्देशिकेत वेगळ्या दिल्या. कागदावरचा हा शहाणपणा पडद्यावर आणायला स्प्रेडशीटमध्ये दोन-तीन रकाने वाढवावे लागतात, इतकेच: स्थळ कोणी ठरवले, केव्हा ठरवले, कितपत निश्चित. शेवटच्या रकान्यानुसार ठिपक्याचा रंग फिका-गडद करणे कोणत्याही सॉफ्टवेअरला जमते. मग तगरच्या ओळीत तेर, फ्लीट, १९०१. चौलच्या ओळीत सिमुल्ला, तिमुला आणि चेमुल ही तिन्ही रूपे. मुकुंदराजांच्या दोन ओळी, दोन्ही फिक्या. या रकान्यांचे मूळ टॉलेमीने सोडलेल्या कोऱ्या जागेतच आहे. हे रकाने भरताना माणसाला प्रत्येक ओळीवर थांबावे लागते, आणि थांबला की कित्येक ओळींपुढे आपल्याजवळ काहीच नाही हे त्याच्या ध्यानात येते.

टॉलेमीच्या यादीतच अशी एक ओळ आहे: 'हिप्पोकूरा', बालेओकूरसचे राजनगर. हा राजा कोल्हापूरच्या नाण्यांवरील विळिवायकुर असावा असे बऱ्याच विद्वानांना वाटते. नगर कोणते यावर मात्र एकमत झालेले नाही. टॉलेमीने त्याला अंश दिले, कारण त्याला कोणतेच स्थळ जागेवाचून ठेवायचे नव्हते. आपल्या स्प्रेडशीटमध्ये त्या दोन चौकटी रिकाम्या ठेवाव्यात. फक्त फाइल चढवण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे की त्या रिकाम्याच आहेत. कोणी त्यांत शून्य भरले, किंवा एखाद्या आज्ञावलीने रिकामे म्हणजे शून्य असे धरले, तर आपल्या दक्षिणेतले हे राजनगर आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, शून्य अंश अक्षांश आणि शून्य अंश रेखांशावर पाण्यात उभे राहील.